टोपावरची ठिगळे

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात दरवर्षी एक खटला उभा राहतो. फिर्यादी आमची सौभाग्यवती, आरोपी अस्मादिक, आणि मुद्देमाल म्हणजे माळ्यावरचे एकोणतीस लोखंडी टोप. "लोकांच्या माळ्यावरून सोऱ्या निघतो, फराळाचे डबे निघतात, आमच्या माळ्यावरून पलटण उतरते," हे तिचे दरसालचे वाक्य. मग मी एकेक टोप खाली घेतो, मऊ फडक्याने पुसतो आणि अंगणात सतरंजीवर मांडतो. सतरंजीवर मांडलेले ते टोप पाहून शेजारची पोरे विचारतात, "आजोबा, हे कढया आहेत का?" मी म्हणतो, "होय रे बाबा. यांत माणसांची डोकी शिजली आहेत." मुले हसतात. त्यांच्या आया मात्र पोरांना हाताला धरून घरात नेतात.

वाचकहो, छंद म्हटले की पोस्टाची तिकिटे, नाणी किंवा फार तर अडकित्ते. मास्तरकी करणाऱ्या माणसाने लष्करी शिरस्त्राणे जमवावीत हे लोकांना चमत्कारिक वाटते. एकदा तर कोणी कागाळी केल्यामुळे एक हवालदारसाहेब चौकशीला आले होते. तलवार बाळगायला परवाना लागतो. पण टोप काही शस्त्र नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते. दोन टोप डोक्यावर घालून पाहिले, आरशात मिशी नीट केली, चहा घेतला आणि गेले. तेव्हाच माझ्या ध्यानात आले की तलवार दिसली की माणूस दोन पावले मागे सरतो. आणि टोप दिसला की तो घालून पाहतो. टोपाचा स्वभावच मुळी घरगुती. मारण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी घडवलेली वस्तू ती.

या छंदाला सुरुवात झाली ती १९८१ साली, धुळ्याहून सोनगीरकडे जाताना. रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीमागे कोंबड्या ज्या भांड्यात पाणी पीत होत्या त्याचा आकार मला ओळखीचा वाटला. रुंद काठाची, उथळ, उपडी केली तर बशीसारखी दिसणारी ती वस्तू म्हणजे ब्रिटिश लष्कराचा दुसऱ्या महायुद्धातला टोप होता. टपरीवाल्याला बाजारातून एक नवे कोरे घमेले आणून दिले आणि टोप घरी आणला. कोंबड्यांचा सौदा माझ्यापेक्षा फायद्याचा झाला असे घरात मत पडले.

पुढे कळले की खानदेशात असे टोप मिळावेत यात नवल नाही. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन. युद्धकाळात पलटणी आणि त्यांचे सामान याच मार्गाने गेले. युद्ध संपल्यावर लष्कराचा जास्तीचा माल 'डिस्पोजल' म्हणून लिलावात निघाला, आणि ज्याच्या हाती जे लागले ते त्याने नेले. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-कोलकाता असे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. भंगाराच्या गाड्या इथे थांबतातच. इथल्या एका भंगारवाल्याची आणि माझी अशी गट्टी जमली की, मला लांबून पाहताच तो ओरडे, "मास्तर, हाई तुमनासाठेच ठेयेल शे!" आणि पोत्याखालून एखादे गंजलेले डोके बाहेर काढी.

टोपांचा इतिहास आपल्याला परका नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, ही कथा आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते. त्या काळचे टोप मोठे देखणे. माथ्यावर टोक, तुरा खोवायला नळ्या, नाकापुढे वरखाली सरकणारी पट्टी आणि मानेवर रुळणारी कड्यांची झिलम. पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी शस्त्रे आणि चिलखते पाहिली म्हणजे त्या कारागिरांपुढे मान लवते. पण बंदुकीची गोळी झिलमेला जुमानीना, तशी ही शिरस्त्राणे मागे पडली आणि दोनेकशे वर्षे जगातले बहुतेक शिपाई कापडाच्या, कातड्याच्या नाहीतर केसाळ टोप्या घालून लढले. आपल्या शिपायाच्या डोक्यावर पागोटे तर होतेच.

लोखंड डोक्यावर परत आले ते पहिल्या महायुद्धात. खंदकांत बसलेल्या माणसांवर तोफगोळे आभाळात फुटून वरून तुकड्यांचा पाऊस पाडीत, आणि मृत्यू कपाळावरून येण्याऐवजी टाळूवरून येई. १९१५ साली फ्रेंचांनी एद्रियां जातीचा टोप काढला; त्याच वर्षी इंग्लंडात जॉन लिओपोल्ड ब्रॉडी याने आपल्या टोपाचे पेटंट घेतले. ब्रॉडीची युक्ती साधी होती. पोलादाचा एक सपाट पत्रा घ्यायचा आणि एका दाबात त्याची बशी करायची. सांधा नाही, जोड नाही. रुंद काठामुळे खांद्यावरही आडोसा येई. पुढे त्यात मँगनीज मिसळलेले चिवट पोलाद वापरू लागले. वजन किलोभराच्या आसपास. माझ्या कोंबड्यांच्या भांड्याचा हा मूळ पुरुष. १९३८ नंतर याच घाटाच्या सुधारलेल्या टोपात आतले अस्तर माथ्यावरच्या एकाच स्क्रूने बसवलेले असे. हा एक स्क्रू वाचकांनी लक्षात ठेवावा. माझ्या कथेत त्याला काम आहे.

आता मी थोडा मागे जातो.

माझा जन्म भुसावळचा. वडील रेल्वेत होते. आमच्या चाळीत शेजारच्या खोल्यांत एक बेने इस्राएल कुटुंब राही. मूळचे कोकणातले, अलिबागकडचे. गृहस्थ रेल्वेत गार्ड. ज्यांना कोकणात एकेकाळी 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, त्याच समाजातले हे लोक. घरात बोलणे मराठी, आडनाव आपल्यासारखेच गावावरून पडलेले आणि शेवटी 'कर' असलेले. फक्त शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरात दिवा लागला की दुसऱ्या दिवशी चूल पेटत नसे. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याच्या आईला मी मावशी म्हणे. माझ्या वडिलांना तो काका म्हणे.

१९४२ च्या एप्रिलात जपान्यांनी विशाखापट्टण आणि काकीनाडा येथे बाँब टाकले, तेव्हा देशभर हवाई हल्ल्याच्या बचावाची तयारी सुरू झाली. रेल्वेतल्या काही लोकांना ते काम देण्यात आले आणि वडिलांना एक टोप मिळाला. काळा रंग, त्यावर पुढे पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षर. विमान काही भुसावळला आले नाही, परंतु टोपाने वडिलांना फार छळले. वडिलांना तरुणपणीच टक्कल पडलेले. अस्तराची पट्टी कपाळाला आणि टाळूला काचे. त्यावर तोड काढली ती मावशींनी. त्यांनी जुन्या लाल-हिरव्या लुगड्याची घट्ट चुंबळ वळली. पाणी भरणाऱ्या बाया घागरीखाली ठेवतात, अगदी तशी. मग ती टोपाच्या आत अस्तराला पक्क्या टाक्यांनी शिवून टाकली. "काकांचं डोकं म्हणजे घागर!" असा विनोद चाळीत पुष्कळ दिवस चालला, असे आम्ही नंतर ऐकले. आम्हां दोघा मुलांच्या वाट्याला तो टोप आला तो खेळण्यासाठी. एकाने टोप घालायचा आणि दुसऱ्याने त्यावर लाकडी पळीने वाजवायचे. चुंबळीमुळे डोक्याला काही लागत नसे. १९७१ च्या युद्धात दिव्यांना काळे कागद लावण्याची वेळ आली, तेव्हा निवृत्त झालेल्या वडिलांनी तोच टोप काढून पुसून पाहिला होता. चुंबळ शाबूत होती.

ते कुटुंब मात्र तोवर गेले होते. १९४८ साली इस्राएल स्थापन झाल्यावर बेने इस्राएलांतले पुष्कळ लोक हळूहळू तिकडे गेले. मुंबई, ठाणे, अलिबाग सोडून बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावी वसले. आमचे शेजारी १९६३ साली निघाले. तो काळ तिकडे या समाजाला सोपा नव्हता. त्यांच्या विवाहसंबंधांना तिथल्या धर्मपीठाची पूर्ण मान्यता मिळावी म्हणून त्यांना जेरुसलेमात धरणे धरावे लागले, आणि १९६४ साली तो प्रश्न सुटला. आम्हांला हे सारे ठाऊक नव्हते. आम्हांला एवढेच दिसले की स्टेशनात गाडी उभी आहे, मावशी डोळे पुसत आहेत, आणि मित्र खिडकीतून माझ्या हाती आपल्या गोट्यांची पिशवी देत आहे.

आता १९८६ कडे येऊ. माझ्याजवळ तोवर दहा-बारा टोप जमले होते आणि नव्या संग्राहकाला जो रोग होतो तो मला झाला होता. मला टोप 'चांगले' करायचे होते. गंज पाहवेना, पोचे पाहवेनात, जुने रंग तर अजिबात पाहवेनात. वडील वारल्यावर भुसावळहून आणलेला तो टोप मी एका कारखान्यात नेला. तिथे वाळूच्या माऱ्याने त्याचा सगळा रंग उडवला, लोखंड चांदीसारखे निघाले आणि मग त्यावर सुरेख हिरवा रंग चढला. कारखान्यात देण्याआधी आतले अस्तर काढावे लागणार होते. माथ्यावरचा तो एक स्क्रू फिरवला. अस्तर कुजले होते, चुंबळीला वास येत होता. नवे अस्तर मी मोठ्या खटपटीने मिळवले आणि जुने, चुंबळीसकट, घराबाहेरच्या कचऱ्यात टाकले. टोप इतका छान दिसू लागला की मी तो बैठकीत टांगला.

भारत आणि इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जुळले. त्यानंतर येणे-जाणे सोपे झाले, आणि १९९४ च्या हिवाळ्यात एका दुपारी माझा बालमित्र धुळ्यात माझ्या दारात उभा राहिला. एकतीस वर्षांनी. केस पांढरे, शरीर रुंद झालेले. पण भाषा १९६३ सालची, तशीच्या तशी! "वहिनी, कळण्याची भाकरी मिळेल काय?" हे त्याचे पहिले वाक्य. इस्राएलात या लोकांनी मराठी जपली आहे, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालवले, हे मी ऐकून होतो. त्या दिवशी त्याचा पुरावा माझ्या ओसरीवर बसून भरीत-भाकरी खात होता.

पत्रांतून त्याला माझे वेड ठाऊक होते. त्याने पिशवीतून चार टोप काढले. "माझा स्वतःचा मिळायचा नाही. तो सरकारी, कोठारात परत गेला. हे जाफाच्या जुन्या बाजारातून घेतलेत," तो म्हणाला. तिकडे लष्करी सेवा सक्तीची, आणि ती संपल्यावरही कित्येक वर्षे राखीव सैनिक म्हणून बोलावणे येते. तेव्हा टोप म्हणजे काय हे तो माझ्यापेक्षा चांगले जाणत होता.

पहिला टोप पाहून मी चपापलो. तो तर माझ्या कोंबड्यांच्या भांड्याचा सख्खा भाऊ! मित्र हसला. १९४८ च्या मे महिन्यात इस्राएलचे सैन्य उभे राहिले तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे असे काहीच नव्हते. शस्त्रे चेकोस्लोव्हाकियातून मिळवली, बाकी सामान ब्रिटिशांच्या आणि अमेरिकनांच्या उरल्यासुरल्या मालातून. डोकी तितके टोप, आणि टोप तितके देश. त्यामुळे या टोपांवरचा पहिला बदल म्हणजे रंग. त्याने काठाचा एक टवका दाखवला. सगळ्यांत खाली एक रंग, त्यावर दुसरा, वर तिसरा. खालचा ब्रिटिशांचा, वरचे नव्या मालकांचे. रंगात बारीक वाळूसारखे काही मिसळलेले हाताला लागे. ते कशासाठी? गुळगुळीत रंग उन्हात चमकतो, आणि चमकणारे डोके शत्रूला लांबून दिसते.

दुसरा टोप अमेरिकन घाटाचा, १९४१ साली निघालेल्या जातीचा. याची गंमत अशी की तो एकात एक बसणाऱ्या दोन टोपांचा असतो. बाहेर पोलादाची कवटी, आत हलक्या तंतूंच्या लगद्याची दुसरी टोपी. बाहेरची काढून अमेरिकन शिपाई तिच्यात पाणी तापवीत, दाढी करीत. या टोपाची हनुवटीची पट्टी मूळची नव्हती. कापडी पट्टी आणि नवे बक्कल लावून ती बदलली होती. वर हाताने विणलेल्यासारखे सुताचे जाळे होते आणि जाळ्याभोवती काळ्या रबराची रुंद पट्टी.

"ही कसली रे?" मी विचारले.

"ट्यूब! गाडीच्या चाकाची जुनी ट्यूब आडवी कापायची की झाली पट्टी. जाळ्यात पाला-फांद्या खोचायच्या, त्या पट्टीने आवळायच्या. कधी पट्टीत मलमपट्टीची पुडी, कधी सिगारेट. ज्याचं त्याचं संस्थान."

तिसरा टोप काठ नसलेला, छत्रीधारी सैनिकांचा. विमानातून उडी घेताना दोर काठात अडकू नयेत म्हणून काठच काढून टाकलेला. या ब्रिटिश घाटाच्या टोपाची एक छबी जगाने पाहिली आहे. ७ जून १९६७ रोजी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी डेव्हिड रुबिंगर यांनी तीन तरुण छत्रीधाऱ्यांचे छायाचित्र घेतले. त्यातल्या मधल्या पोराने टोप काढून हातात धरला आहे, डोके उघडे, नजर वर. मला त्या चित्रात नेहमी तो हातातला टोप दिसतो. लढाई संपल्याची पहिली खूण म्हणजे माणूस डोके उघडे करतो.

चौथा टोप ब्रिटिशच, पण दुसऱ्या फळीतल्या राखीव लोकांनी वापरलेला. आतल्या पट्टीवर शाईने कोणाचे तरी नाव, उजवीकडून डावीकडे, अर्धे पुसलेले. मित्राने ते लावायचा प्रयत्न केला, पण शेवटची तीन अक्षरे काही लागेनात.

मग त्याने मला एक शब्द दिला, जो मी अजून मिरवतो. त्या दिवसांत त्यांचे सैनिक लेबनॉनमध्ये टोपावर एक ढगळ, झोलदार कापडी आवरण घालू लागले होते. गोल डोक्याचा आकार झुडपांत लपत नाही. झोलदार कापड तो मोडून टाकते. आणि याचे नाव काय, तर मित्झ्नेफेत. बायबलच्या जुन्या भागात मुख्य धर्मगुरूच्या डोक्यावर जे पागोटे सांगितले आहे, त्याचे हे नाव. म्हणजे आमच्याकडे पागोट्याखाली टोप, आणि तुमच्याकडे टोपावर पागोटे! आम्ही दोघे खूप हसलो. आपल्या लष्करानेही काश्मिरात कपाळ आणि कानशिले झाकणारे, माथा मोकळा सोडणारे जे शिरस्त्राण वापरले, त्याला नाव पडले 'पटका'. तंत्र बदलते, धातू बदलतो, पण डोक्यावरच्या वस्तूला नाव द्यायची वेळ आली की माणूस आजोबांच्या पेटीत हात घालतो.

त्या चार टोपांच्या शेजारी मी माझ्याजवळचा पाचवा आणून ठेवला. तो निळा आहे. साक्री तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनी तो मला दिला. ते संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत भारतीय तुकडीबरोबर पुरवठ्याच्या कामावर गाझा पट्टीत होते. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर इजिप्त आणि इस्राएल यांच्या दरम्यान ही आणीबाणीची फौज उभी करण्यात आली, आणि नोव्हेंबर १९५६ पासून १९६७ पर्यंत भारतीय जवान तिथे होते. निरनिराळ्या देशांचे शिपाई. गणवेश निराळे, आणि काहींचा तर लढलेल्या पक्षांशी मिळताजुळता. त्यांना लांबून ओळखायचे कसे? सरचिटणीस हामरशोल्ड यांच्या मनात निळ्या बेरे टोप्या होत्या, पण तेवढ्या तयार व्हायला आठवडे लागले असते. तेव्हा युरोपात अमेरिकन टोपांच्या आतल्या त्या हलक्या टोप्या ढिगांनी पडून होत्या. त्यांवर निळ्या रंगाचा फवारा मारला आणि काम भागवले. जगभर शांतिसैनिकांना आज 'निळे टोप' म्हणतात, त्या नावाचा जन्म असा घाईगर्दीत, रंगाच्या फवाऱ्यातून झाला.

मला वाटते, टोपावर आजवर झालेला हा सर्वांत मोठा बदल. कारण ती आतली टोपी पोलादाची नव्हेच. गोळ्याचा तुकडा तिने अडायचा नाही. तिचे सारे संरक्षण तिच्या रंगात, म्हणजे समोरच्या माणसाने तो रंग मानण्यात. पुष्कळ वर्षे तो मानला गेला. १९६७ च्या मे महिन्यात इजिप्तने ही फौज हलवायला सांगितले, आणि ती निघून जाण्यापूर्वीच ५ जूनला युद्ध पेटले. त्यात इस्राएलच्या माऱ्यात गाझामध्ये चौदा भारतीय जवान मारले गेले. सुभेदार आधीच परतले होते. पण मेलेल्यांची बातमी सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज खाली जाई. हे सारे मी मित्राला सांगितले. त्याने निळी टोपी हातात घेतली, बराच वेळ फिरवली आणि आपल्या चार टोपांपासून थोडी दूर, वेगळ्या जागी ठेवली. "हिला यांच्या रांगेत नको ठेवूस," इतकेच म्हणाला. तेव्हापासून ती वेगळीच असते.

संध्याकाळी निघण्याच्या वेळी त्याने सहज विचारावे तसे विचारले, "काकांचा टोप आहे ना रे?"

मी अभिमानाने बैठकीतला टोप काढून त्याच्या हाती दिला. त्याने तो उलटा केला. आत हात घातला. नव्या अस्तरावरून बोटे फिरवली, एकदा, दोनदा. मग वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसे काहीतरी होते.

"चुंबळ?"

मी सांगितले. अस्तर कुजले होते, वास येत होता, टाकून दिले.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "जुनं कापड. कितीसं टिकणार." थोड्या वेळाने म्हणाला, "आई १९७९ मध्ये गेली. तिकडे गेल्यावर तिला दिसायला कमी आलं, शिवण सुटलं. तिच्या हातचं आमच्याजवळ काही नाही. मला वाटलं, तुझ्याकडे असेल."

मग चहा झाला. सौभाग्यवतीने बांधून दिलेला फराळ त्याने पिशवीत ठेवला, आणि मी त्याला स्टँडवर पोचवून आलो. त्या रात्री मी त्याने आणलेले चारही टोप पुन्हा पुन्हा पाहिले. कोणत्या अनोळखी हाताने ही ट्यूब कापली? कोणी हे बक्कल बसवले? परक्या माणसांची ठिगळे मी भक्तिभावाने पाहत होतो, आणि माझ्या घरच्या टोपाचे एकुलते एक ठिगळ मी माझ्या हातांनी कचऱ्यात टाकले होते.

याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मी हे धुळ्यात राहून केले. ज्या गावी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला, ज्या गावी १९२७ पासून त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, त्या गावी! शाळेत मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो की राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून कागद मिळवले, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापली. अस्सल कागद जसा असेल तसा ठेवावा, त्यावर आपली हुशारी चालवू नये, ही शिकवण मी फळ्यावर लिहीत होतो. आणि घरी अस्सल कागदावर हिरवा रंग मारीत होतो. टोपाचे पोलाद कारखान्याचे. तसे लाखो निघाले. त्याच्या काठाखाली मारलेला शिक्काही लाखोंवर सारखाच. पण चुंबळ एकच होती. भुसावळच्या चाळीत एका यहुदी बाईने हिंदू शेजाऱ्याचे टक्कल काचू नये म्हणून जुन्या लुगड्याची वळलेली! महायुद्धाच्या इतिहासात तिची नोंद व्हायची ती त्या टोपाच्या आतच व्हायची होती, आणि ती मी खोडली.

तेव्हापासून मी कोणताही टोप 'चांगला' केलेला नाही. गंज वाढू नये म्हणून कोरडा ठेवतो, मऊ फडक्याने पुसतो, आणि प्रत्येकाची एक वही आहे. तीत कोणाकडून मिळाला, कोणत्या कामी येत होता, आत काय सापडले, हे सारे लिहितो. एकात शेतकऱ्याने बी मोजायला मारलेल्या रेघा आहेत. एकाला टांगण्यासाठी भोक पाडून तार ओवली आहे. सोनगीरच्या टोपातला कोंबड्यांच्या पाण्याचा पांढरा डागही मी तसाच ठेवला आहे. युद्धानंतरची चाळीस वर्षे हाही त्या टोपाचा इतिहासच. वडिलांच्या टोपाचीही वही आहे. तीत चुंबळीचे वर्णन मी आठवेल तितके लिहिले: लाल जमीन, हिरवी किनार, टाके दुहेरी, गाठ डाव्या बाजूस. शेवटी लिहिले, 'ही १९८६ साली मी टाकून दिली,' आणि खाली सही केली. त्या पानाची एक प्रत मित्राला पाठवली. त्याने उत्तरात एकच दुरुस्ती केली. गाठ उजव्या बाजूस होती. आई डावखुरी होती, असे त्याने लिहिले. मी वहीत ती दुरुस्ती केली आहे, मूळ ओळ न खोडता.

तर वाचकहो, यंदाच्या दिवाळीत तुम्हीही माळे उतरवाल. पितळी डबे निघतील, तुटका कंदील निघेल, आजोबांची छत्री, आजीचा अडकित्ता, एखादी शिवलेली, ठिगळ लावलेली, तारेने बांधलेली वस्तू निघेल. गंज आणि वास पाहून नाक मुरडण्याआधी ती एकदा उलटी करा आणि आत हात घाला. घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्याला विचारा, हे ठिगळ कोणी लावले? उत्तर मिळाले तर तेवढे चार ओळींत लिहून त्या वस्तूतच ठेवा. मग वाटल्यास वस्तू घासा, पुसा.

आमच्याकडचा खटला याही वर्षी चालला. निकाल नेहमीप्रमाणे माझ्याविरुद्ध लागला, आणि शिक्षा नेहमीप्रमाणे माफ झाली. पुसलेले टोप माळ्यावर चढवताना शिडी धरायला सौभाग्यवतीच उभी होती. वडिलांचा टोप वर देताना तिने तो क्षणभर उलटा धरला. नातीच्या जुन्या परकराची नवी चुंबळ तिने गेल्या वर्षीच त्यात ठेवली आहे. शिवलेली नाही, नुसती ठेवलेली. अस्सल नव्हे, हे वहीत नमूद आहे.